दख्खनला नावे ठेवणारा कर्नल

पाऊस ओसरू लागला आणि कोकणातले धुके वर चढू लागले की हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पुण्या-मुंबईची तरुण मंडळी सकाळपासून उन्हाची वाट पाहत बसलेली दिसतात. सूर्य पाठीशी हवा, समोर कड्याच्या पोटात धुके भरलेले हवे, आणि नशीबही बरे हवे. एवढे सगळे जमून आले तर त्या धुक्यावर पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटते आणि त्याच्या मधोमध पाहणाऱ्याला आपलीच सावली दिसते. आपल्याकडे याला इंद्रवज्र म्हणतात. गडाची माहिती सांगणारा मग हमखास सांगतो, की हे इंद्रवज्र १८३५ साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाने पाहिले होते.

ही माहिती निम्मी खरी आहे. इंद्रवज्र साइक्सने पाहिले हे खरे, पण १८३५ साली तो लंडनमध्ये होता. हिंदुस्थान सोडून त्याला चार वर्षे झाली होती. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा मोठा लेख रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्या वर्षी छापून आला, आणि छपाईचे तेच साल पुढे दर्शनाचे साल होऊन बसले. प्रत्यक्षात त्याने ते पाहिले त्याच्या बऱ्याच आधी, हातात मोजमापाची यंत्रे घेऊन तो आपल्या डोंगरांतून हिंडत होता तेव्हा.

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात साइक्सचे नाव उरले आहे ते एवढेच, कड्यावरच्या एका सकाळीपुरते. मात्र आफ्रिकेच्या जंगलात आजही एक माकड त्याच्या नावाने ओळखले जाते. त्या माकडाचे रक्ताचे नाते शास्त्रज्ञ आता जनुकांच्या खुणांवरून शोधत आहेत, आणि त्याच शोधाचा धागा फिरून गोदावरीच्या काठच्या आपल्या माकडांपर्यंत येतो. म्हणून या माणसाची गोष्ट नीट सांगावीशी वाटते.

विल्यम हेन्री साइक्स यॉर्कशरमध्ये १७९० च्या जानेवारीत जन्मला. चौदाव्या वर्षी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत अधिकारी म्हणून दाखल झाला. आज ज्या वयात मुले आठवी-नववीच्या वर्गात असतात, त्या वयात हा मुलगा सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करून परक्या मुलखात शिपायांवर हुकूम चालवायला आला. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात तो होता. १८१० पर्यंत त्याने हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा आत्मसात केल्या होत्या. पुढे त्याने जे काही केले त्याचा पाया या मराठीत आहे.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत साइक्स इंग्रजांच्या बाजूने देशी शिपायांची तुकडी घेऊन लढला. ज्या लढाईने पेशवाईचा शेवट सुरू झाला, तीत तो आपल्या विरुद्ध बाजूला उभा होता. नंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही तो होता. तेव्हा त्याला ऋषितुल्य संशोधक म्हणून मखरात बसवण्याचे कारण नाही. तो जेत्यांचा माणूस होता आणि पुढे त्याने जी मोजणी केली, तीही आधी जेत्यांच्या सोयीसाठीच.

१८२० मध्ये तो रजेवर गेला, चार वर्षे युरोपात हिंडला, १८२४ मध्ये त्याने एलिझाबेथ हे हिच्याशी लग्न केले आणि त्याच वर्षी तो मुंबईला परतला. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्याच्यावर एक नवेच काम सोपवले. पेशव्यांकडून मिळालेल्या मुलखाची शास्त्रशुद्ध माहिती गोळा करायची. हुद्दा सांख्यिकी वार्ताहराचा. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड असे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. साहेबाच्या कागदांत या साऱ्या प्रदेशाचे नाव एकच होते, दख्खन.

पुढची सहा वर्षे हा माणूस मोजत राहिला. माणसे, गावे, धारे, जमिनीच्या मालकीचे प्रकार, पिके, पाऊस, हवेचा दाब, डोंगरांची उंची, खडकांचे थर. कारखान्यात सुटे भाग मोजावेत तशी त्याने आपली चराचर सृष्टी मोजली. बँकेच्या नोकरीत माझे आयुष्य ताळेबंद जुळवण्यात गेले. एखादा आकडा जुळेना म्हणून रात्री शाखेत थांबणारी माणसे मी पाहिली आहेत. साइक्स त्याच जातीचा. १८२९ च्या डिसेंबरात सरकारने खर्च कमी करण्यासाठी त्याची जागाच रद्द केली. दुसरा कोणी असता तर कागद गुंडाळून पलटणीत परतला असता. याने रजा घेतली, अपुरे काम पुढे चालवले, १८३१ च्या जानेवारीत ते हातावेगळे केले आणि मगच मायदेशाचे जहाज धरले.

सरकारला हवे होते आकडे. पण त्याच फिरतीत त्याच्या सामानात एक दुसरा खजिना जमत गेला होता. कातडी, कवट्या, पक्ष्यांचे नमुने, माशांची चित्रे. लंडनच्या प्राणिशास्त्रीय सभेला स्थापन होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. तिच्यापुढे साइक्सने १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी ठेवली, १८३२ मध्ये पक्ष्यांची, आणि पुढे १८३९ च्या सुमारास माशांची.

या याद्या चाळताना मराठी माणसाला गंमत वाटते. आपल्या माळावरचा लांडगा शास्त्राच्या वहीत प्रथम नोंदला तो साइक्सने. फिकट पायांचा, म्हणून त्याने त्याचे नाव ठेवले पॅलिपेस. रानकुत्र्याला त्याने दख्खनचेच नाव दिले आणि त्याचे मराठी नाव, कोळसून, जवळ लिहून ठेवले. खोकडाला त्याने लॅटिनमध्येही कोकरीच म्हटले. तळ्याकाठी ध्यानस्थ बसणारी ढोकरी त्याने शास्त्राला दिली. एका तुरेवाल्या चंडोलाचे नाव त्याने देव ठेवले आणि एका लहानशा वटवट्याचे राम. माशांच्या बाबतीत तर त्याने भोयांच्या तोंडची नावे तशीच उचलली. खुद्री, कोलुस, मुल्या, फुलुंगी. उच्चार साहेबी वळणाने थोडे वाकडे झाले, पण जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात जा, हे मासे आजही याच नावांनी सापडतात. ती नावे ज्यांनी त्याला सांगितली, ज्यांनी जाळी टाकली, ज्यांनी कोळसुनाची वाट दाखवली, त्यांची नावे मात्र या याद्यांत नाहीत. मराठीत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत एका मात्रेचा फरक आहे. साइक्सने आपल्या दख्खनला नावे ठेवली ती चांगल्या अर्थाने, पण ती ठेवताना खरे बारशाचे मानकरी राहून गेले, एवढे तरी त्याच्या पदरात घालायला हवे.

सस्तन प्राण्यांच्या यादीत दख्खनची दोन माकडे आहेत. एक काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे, ज्याला आपण वानर म्हणतो. दुसरे आखूड लोकरीचे, डोक्यावर भांग पाडून टोपी घातल्यासारखे केस असलेले, ज्याला आपण नुसते माकड म्हणतो आणि कोकणात ज्याला केलडे म्हणतात. साइक्सला या दोहोंतला फरक नीट ठाऊक होता. तो डोळ्यांनी दिसणारा फरक होता.

त्याच १८३१ साली त्याने लंडनच्या सभेपुढे आणखी एका माकडाचे वर्णन केले. ते दख्खनचे नव्हते. राखी-काळसर अंग आणि गळ्याशी पांढरा शुभ्र पट्टा, म्हणून त्याने त्याला पांढऱ्या गळ्याचे अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. ते मूळचे कुठले, हे तेव्हा पक्के झाले नाही. पुढे तज्ज्ञांनी झांझिबार हे त्याचे मूळ गाव ठरवले. आज पूर्व आफ्रिकेपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या जंगलांत या माकडाच्या निरनिराळ्या उपजाती राहतात आणि इंग्रजीत त्यांना साइक्सचे माकड म्हणतात.

साइक्सचे पुढचे आयुष्य मानमरातबाचे. १८३३ मध्ये तो कर्नल म्हणून निवृत्त झाला. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचा सभासद झाला आणि त्याच वर्षी लंडनची सांख्यिकी सभा स्थापन करणाऱ्यांत होता. काही वर्षे त्याने वेड्यांच्या इस्पितळांची देखरेख करणाऱ्या आयोगावर काम केले. १८४० मध्ये तो कंपनीचा संचालक झाला, १८५६ मध्ये अध्यक्ष. ज्या कंपनीत तो चौदाव्या वर्षी लागला होता, तिच्या सर्वोच्च खुर्चीत तो बसला, आणि दोनच वर्षांत कंपनीचे राज्यच संपले. १८५७ पासून अखेरपर्यंत तो ॲबर्डीनतर्फे पार्लमेंटात होता. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले.

त्याच्या हयातीतच, १८६६ मध्ये, ग्रेगोर मेंडेल नावाच्या एका धर्मोपदेशकाने वाटाण्याच्या रोपांवरचा आपला निबंध छापला होता. गुण पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात याचे गणित त्यात होते. जगाने त्याची दखल घ्यायला १९०० साल उजाडले. साइक्सच्या पिढीजवळ प्राणी ओळखायचे एकच साधन होते, डोळे. रंग, दात, शेपूट, कवटी. त्यापलीकडचे नाते त्यांना दिसणे शक्यच नव्हते.

आज ते दिसते. त्यासाठी माकड मारावे लागत नाही, पकडावेही लागत नाही. झाडाखाली पडलेली विष्ठा किंवा गळलेले केस पुरतात. त्यांत प्राण्याच्या पेशी असतात आणि पेशीत डीएनए. त्या लांबलचक साखळीतल्या काही ठरावीक जागा दोन प्राण्यांत वेगळ्या असतात. त्या जागांना जनुकीय खुणा म्हणतात. जमिनीच्या मोजणीत हद्दीचे दगड असतात, तसेच काहीसे हे.

या खुणा मुख्यतः दोन तऱ्हांच्या. एक खूण फक्त आईकडून लेकरांना मिळते, पेशीतल्या मायटोकाँड्रिया नावाच्या भागातून. दुसऱ्या तऱ्हेच्या खुणा आई आणि बाप दोघांकडून येतात. तिथे डीएनएची दोन-चार अक्षरे पुन्हा पुन्हा गिरवलेली असतात आणि ती किती वेळा गिरवली आहेत यावरून एक प्राणी दुसऱ्यापासून ओळखता येतो. दोन्ही का तपासायच्या, याचे उत्तर माकडांच्या घररीतीत आहे. आपल्याकडे लेक सासरी जाते. बहुतेक माकडांत उलटे असते. लेक जन्मभर आईच्या टोळीत राहते आणि मुलगा वयात आला की घर सोडून दुसऱ्या टोळीत जातो. त्यामुळे आईकडची खूण एकाच रानात पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकते, तर बापाकडचे रक्त दूरवर फिरते. नुसती आईची खूण पाहिली तर दोन टोळ्या परक्या वाटतील, आणि दोन्ही पाहिल्या तर त्या सोयरे निघतील. एका बाजूची खतावणी पाहून हिशोब मिटवू नये, हा नियम इथेही लागू आहे.

साइक्सच्या माकडाचे दक्षिण आफ्रिकेतले भाऊबंद सामांगो या नावाने ओळखले जातात. जुन्या रानांचे तुकडे पडत गेले आणि ही माकडे त्या तुकड्यांत अडकून राहिली. उघड्या माळावरून ती सहसा लांब जात नाहीत. २०१५ मध्ये तिथल्या अभ्यासकांनी दोन्ही तऱ्हांच्या खुणा तपासून दाखवले, की ही सगळी एकच सरमिसळ प्रजा नसून तीन वेगळे गट आहेत आणि ते वेगळे मानूनच सांभाळायला हवेत. एका रानातली माकडे कमी झाली म्हणून दुसरीकडची आणून सोडली, तर संख्या भरून निघेल, पण हजारो वर्षांत घडलेला एक वंश पुसला जाईल. साइक्सच्या माकडाला स्वतंत्र जात मानावे की निळ्या माकडाची पोटजात, यावरही वाद आहे. निसर्गात हद्दी नेहमी सरळ नसतात. टांझानियातल्या गोम्बे इथे निळी माकडे आणि तांबड्या शेपटीची माकडे यांच्यात आपोआप संकर होत आला आहे, हे २०१९ मध्ये विष्ठेतल्या डीएनएवरून दिसून आले. तेव्हा प्रत्येक मिसळ वाईट असेही नाही. निसर्गाने केलेली मिसळ कोणती आणि माणसाच्या घाईने झालेली कोणती, एवढे आपल्याला कळले पाहिजे.

आता आपल्या घरी येऊ. वानरांच्या शेपटीकडे आपण कधी नीट पाहिले आहे काय? उत्तरेकडचे वानर चालताना शेपटीची कमान पाठीवरून डोक्याच्या दिशेने घेते, दक्षिणेकडचे मागच्या बाजूला सोडते. प्राणिशास्त्रज्ञ रूणवाल यांनी हा फरक दाखवला आणि त्याची सीमा ढोबळ मानाने तापी-गोदावरीच्या रेषेवर ठेवली. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रवीण कारंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय खुणा तपासल्या. ज्यांना आपण सरसकट हनुमान वानर म्हणून एकाच खात्यात टाकत आलो, त्यांत दक्षिणेत निराळ्या जाती आहेत, याला रक्ताचाही पुरावा मिळाला.

माकडांची गोष्ट याहून नाजूक आहे. उत्तर हिंदुस्थानातले तांबड्या तोंडाचे ऱ्हीसस माकड आणि आपले टोपीवाले माकड यांच्यामधली सीमारेषा १९८१ मध्ये फूडन, महाबळ आणि साहा या तिघांनी नव्याने तपासून आखली. पश्चिमेला तापी, पूर्वेकडे गोदावरी असा तिचा साधारण कल. म्हणजे आपला जिल्हा टोपीवाल्याच्या बाजूचा, पण सीमेपासून फार दूर नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले, की ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत आहे आणि टोपीवाल्याला मागे रेटत आहे. माणसांनी पकडून नेऊन सोडलेल्या टोळ्यांचाही यात वाटा मानला जातो. टोपीवाले माकड फक्त दक्षिण भारतीय द्वीपकल्पात सापडते. जगात दुसरीकडे कुठेही नाही. देवळापाशी हातातला प्रसाद ओढणारा हा प्राणी आता जागतिक लाल यादीत असुरक्षित म्हणून नोंदला गेला आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल.

ज्याच्या शेतात माकडांची टोळी उतरते त्याला हे नवल परवडत नाही, हेही खरे. उभे पीक, भुईमुगाचे वेल, घराची कौले, सगळ्यांचे नुकसान तो सोसतो. त्याची तक्रार खोटी नाही. मग पिंजरे येतात, माकडे पकडली जातात आणि दूर कुठल्यातरी रानात नेऊन सोडली जातात. गावाचा प्रश्न त्या दिवसापुरता सुटतो. पण ती कुठली होती, कुठे गेली, तिथे आधी कोण राहत होते, हे कोण विचारतो?

न विचारता सोडल्याचे फळ काय, ते साइक्सच्याच एका माशाने दाखवून दिले आहे. खुद्री हा आपल्या दख्खनचा महाशीर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोणावळ्याकडे त्याची पिल्ले वाढवून देशातल्या इतर नद्यांत सोडण्यात आली. हेतू चांगला होता. पण कावेरीत तिचा स्वतःचा, कुबड असलेला प्रचंड महाशीर होता. खुद्रीची संख्या फोफावली आणि कुबडवाला दिसेनासा होत गेला. तो नेमका कोण, हे शरीररचना आणि डीएनए यांवरून पक्के झाले २०१८ मध्ये. तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोचला होता. ओळख पटली आणि निरोपाची वेळ आली, असे झाले.

माकडांच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये झाले. सह्याद्रीच्या या धारेवर रान आहे, वानरे आहेत, माकडे आहेत. एखादी टोळी हलवण्याआधी तिची विष्ठा गोळा करून प्रयोगशाळेत पाठवणे, ती कुठल्या वंशाची ते पाहणे आणि सोडल्याची जागा, तारीख, संख्या कागदावर लिहून ठेवणे, हे काही अशक्य काम नाही. हैदराबाद, बंगळूर, डेहराडून इथे असे तपास करणाऱ्या संस्था आहेत. खर्च आहे, पण चुकीच्या रानात सोडलेली टोळी परत आणण्याच्या मानाने काहीच नाही.

साइक्सने हिशोब लिहिला तो कंपनीसाठी, पण लिहिला चोख. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वी आपल्या माळांवर आणि कड्यांवर कोण राहत होते ते आज कळते. त्याच्या वहीत एक रकाना रिकामा होता, रक्ताच्या नात्याचा, आणि तो भरण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. आपल्याजवळ आहे. आता कोकणकड्यावर जाल तेव्हा इंद्रवज्र दिसो वा न दिसो, परतीच्या वाटेवर एखादे वानर आडवे गेले तर क्षणभर थांबून त्याच्या शेपटीची कमान कुणीकडे वळते आहे ते पाहा. बरोबरच्या मुलांनाही दाखवा. साइक्सने सुरुवात अशीच, नुसते पाहण्यापासून केली होती.